टोचन भेरूघाटात, दुखणं टाकीत?

प्रश्न : काका, नमस्कार. माझ्याकडे १९९८ची टाटा ४०७ (छोटा ट्रक) आहे. चोइथराम मंडीतून कांदा-बटाट्याच्या फेऱ्या करतो. मे महिन्यात मेहुण्याचा भरलेला छोटा ट्रक बडवाहजवळ बंद पडला. मी रिकामी गाडी घेऊन गेलो, साखळी बांधली आणि भेरूघाट चढवून इंदूरपर्यंत टोचन करून, म्हणजे मागे ओढत, आणला. घाटात मध्ये मध्ये थांबावं लागलं, पण पोचलो. तेव्हापासून माझीच गाडी बिघडली. शहरात रिकामी फिरते तेव्हा काही नाही. माल भरून देवासच्या रस्त्याला लागलं की थोड्या वेळाने दम लागल्यासारखी होते, दाबलं तरी उचलत नाही, आणि बंद. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही. अर्ध्या तासाने पहिल्या सेल्फला चालू! टेंपरेचरचा काटा लालला कधी लागला नाही. मिस्त्री म्हणतो, डिझेलचा पंप गेला, खोलावा लागेल. खर्च मोठा आहे. खोलू का?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : थांबा. पंपाला इतक्यात हात लावू देऊ नका.

तुमच्या पत्रातलं कामाचं वाक्य म्हणजे ‘दम लागल्यासारखी होते’. गाडी बंद पडते हे सगळेच सांगतात, कशी बंद पडते ते सांगणारा विरळा. खटका मारल्यासारखी एकदम बंद झाली असती तर मी स्टॉपची (इंजिन बंद करायची) केबल नाहीतर डिझेल तोडणाऱ्या सोलेनॉइडची वायर बघा म्हटलं असतं. इंजिन ओरडतंय, गाडी पुढे सरकत नाही आणि जळका वास येतोय, तर क्लच प्लेट. काटा लालला टेकला आणि मग बंद, तर पाण्याची भानगड. तुमचं इंजिन यातलं काहीच करत नाही. ते उपाशी पडतंय. डिझेल पोचत नाही.

मिस्त्रीचा हिशेब असा असणार : थंड झाल्यावर चालू होते, म्हणजे गरम झाल्यावर पंप सोडून देतो. झिजलेल्या पंपाचं तसं होतंही. पण त्या अर्ध्या तासात नुसतं इंजिन थंड होत नाही, टाकीतला गाळसुद्धा खाली बसतो. टाकीत डिझेल ओढणारी जी नळी असते तिच्या तोंडाच्या जाळीशी चिंधी, झाकणाच्या रबराचा तुकडा, गंजाचा पोपडा असं काहीबाही येऊन चिकटतं. इंजिन चालू आहे तोवर ओढ असते, तोवर ते चिकटलेलं. इंजिन बंद, ओढ संपली, की ते सुटून खाली पडतं. तुम्ही चहा पिऊन येता, सेल्फ मारता, गाडी चालू. तुम्हाला वाटतं थंड झाली म्हणून चालली.

रिकामी असताना का त्रास नाही, त्याचंही उत्तर यातच आहे. रिकाम्या गाडीला डिझेल लागतंच किती? अर्धवट तुंबलेल्या जाळीतून तेवढं येतं. माल भरला, पाय दाबला, की तेवढ्यावर भागत नाही.

मग हे टोचननंतरच का सुरू झालं? तुमची रिकामी गाडी आणि मेहुण्याची भरलेली मिळून ९ टन धरू. घाटात दर १०० मीटरला ५ मीटर चढ धरला तर नुसत्या चढापायी साडेचारशे किलोची ओढ लागते. सपाटीवर हेच वजन शंभरएक किलोच्या ओढीत चालतं. म्हणजे घाटाखालच्या चोरलपासून वरच्या सिमरोळपर्यंत तुम्ही पाय शेवटपर्यंत दाबून, खालच्या गिअरमध्ये, पंपाकडून सगळंच्या सगळं डिझेल मागत आलात. त्यात दर वेळी थांबून उठताना साखळीचे झटके. एवढ्या वर्षांच्या टाकीचा तळ त्या हादऱ्यांनी ढवळून निघाला असणार. जुने रबरी पाइपही अशा वेळी चिरतात.

आता करायचं काय ते सांगतो, क्रमाने करा. गाडी रस्त्यात बंद पडली की बोनट उघडायच्या आधी टाकीचं झाकण उघडा. ‘सुस्स’ करून हवा आत गेली आणि लगेच सेल्फवर चालू झाली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. धूळ आणि डिझेल मिळून तिथे काळी खळ तयार होते. तारेने साफ करा, विषय संपला. बाजारातलं कसलंही बिनभोकाचं झाकण बसवलेलं असेल तरी हेच होतं, आणि आपल्याकडे टाकीचं झाकण हरवलं की जे मिळेल ते बसवायची पद्धत आहे.

झाकणाने काही फरक पडला नाही तर सेल्फ मारायला कोणाला तरी बसवा आणि स्वतः सायलेन्सरकडे बघा. सेल्फ फिरताना पांढुरका धूर येत असेल तर नोझलपर्यंत (इंजिनात डिझेल फवारतं ते) डिझेल पोचतंय, पेट घेत नाही. धूराचा मागमूस नाही, तर डिझेल तिथवर आलेलंच नाही. बिनपैशाची तपासणी आहे, पण फारसं कोणी करत नाही.

यानंतरची खरी परीक्षा म्हणजे कॅन लावून गाडी चालवणं. पाच लिटरचा प्लॅस्टिकचा स्वच्छ कॅन घ्या, काचेची बाटली नको. केबिनच्या बाहेर, सायलेन्सरपासून लांब, पक्का बांधा. टाकीकडून फीड पंपाला (टाकीतून डिझेल ओढून मोठ्या पंपाला देणारा छोटा पंप) येणारा पाइप सोडवून तिथे कॅनची नळी जोडा, पाइपात अडकलेली हवा काढा आणि माल भरून त्याच रस्त्याने चला. परतीचा पाइप टाकीतच राहिला तर चालेल, फक्त कॅन तुमच्या अंदाजापेक्षा लवकर रिकामा होईल हे लक्षात ठेवा. गाडी नेहमीच्या टप्प्यापलीकडे मुकाट्याने गेली, तर पंप निर्दोष. टाकी उतरवा, धुवा, आतली जाळी साफ करा, डिझेलचे दोन्ही फिल्टर बदला.

कॅन लावायची सोय नसेल तर गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी हातभर आणा आणि फीड पंपाच्या आधी जोडा. इंजिन चालू असताना तिच्यात बुडबुडे दिसले तर लाइन हवा ओढतेय. इथे बऱ्याच जणांची फसगत होते. गळती म्हटलं की आपण खाली डिझेलचा थेंब शोधतो. पण टाकी ते फीड पंप हा ओढीचा भाग. इथल्या चिरेतून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. बाहेरून पाइप कोरडा ठणठणीत. चिरलेला पाइप बदला, जोडावरचे तांब्याचे वॉशर नवे घाला, जुनेच उलटे करून बसवू नका. ती पारदर्शक नळी मात्र तपासणीपुरतीच. डिझेलने ती कडक होऊन तडकते.

कॅन लावूनही गाडी तिथेच आणि तशीच बंद पडली, तर मग पंपाकडे वळू. आधी फीड पंप : त्याचे छोटे व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग ही किरकोळ खर्चाची कामं आहेत. तुमच्या गाडीला रोटरी पंप (एकाच फिरत्या भागातून सगळ्या नोझलना डिझेल वाटणारा) असेल तर गाडी गरम होऊन बंद पडल्यावर पंपाच्या डोक्यावर ओलं फडकं ठेवा, दहा मिनिटं गार पाणी घालत राहा, फक्त वायरींवर पाणी जाऊ देऊ नका. बाकी इंजिन गरमच असताना तेवढ्यावर गाडी चालू झाली, तर तुमचा मिस्त्री बरोबर होता. पंप खोला, आणि तो टेस्ट बेंच असलेल्या डिझेल पंपवाल्याकडेच द्या. मायको पंप म्हणून आपण ज्याला ओळखतो (कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, मिस्त्रींच्या तोंडी मायकोच राहिलं) त्याचं सेटिंग कानाने होत नाही.

टोचनमुळे आणखी काय दुखावलं असेल ते गाडी उभी आहे तोवर बघून घ्या. इंजिनच्या फाउंडेशनचे, म्हणजे इंजिन ज्यांवर बसतं ते, रबर आधी. ते फाटले की इंजिन हलतं आणि डिझेलच्या पाइपांना पीळ बसतो. क्लच तपासायला मोकळी जागा बघा, पुढे कोणी उभं नको. चाकांना दगड, हँडब्रेक ओढलेला, वरचा गिअर; क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे. फिरतच राहिलं तर प्लेटचं आयुष्य भेरूघाटात संपलं समजा. रेडिएटरचं पाणी गाडी थंड असताना बघा. कमी होत असेल तर झाकणाची स्प्रिंग तपासा : झाकणाने अर्ध्या बारचा दाब धरला तर पाणी ११० अंशांच्या आसपास उकळतं, ढिलं झालं तर शंभरालाच. इंजिन चालू करून पाण्यात सतत बुडबुडे येत असतील तर मात्र हेड गॅस्केट (इंजिनचं डोकं आणि ब्लॉक यांमधली पट्टी) गेलं. त्यात चालढकल नको.

प्रश्न : टोचन करताना मागची गाडी न्यूट्रलला ठेवली की झालं ना? आमचा ड्रायव्हर उगाच जॉइंट शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) उतरवायला सांगतो.
— एक वाचक, देवास

उत्तर : ड्रायव्हरचा पगार वाढवा. न्यूट्रलमध्ये मागची चाकं फिरतात, त्यांच्याबरोबर शाफ्ट आणि गिअरबॉक्सचा मेन शाफ्ट फिरतो, पण इंजिन बंद असल्याने खालचा शाफ्ट स्थिर असतो. ऑइल वर उडवायचं काम तोच करतो. वरच्या बेअरिंगना ऑइल मिळत नाही आणि गॅरेजपर्यंत पोचता पोचता ती भाजून निघतात. चौकापलीकडच्या गॅरेजपर्यंत ओढायची असेल तर ठीक, लांब जायचं असेल तर शाफ्ट उतरवाच.

मागच्या स्टिअरिंगवर लायसन्सवाला माणूस हवा आणि दोन गाड्यांत ५ मीटरपेक्षा जास्त अंतर नको, हा नियमच आहे. साखळी चासीच्या हुकाला बांधा, बंपरला किंवा स्प्रिंगच्या पाट्यांना नाही. मागच्याला आधीच सांगून ठेवा की इंजिन बंद असल्यामुळे दोन-चारदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होणार. उभं राहून दाबायची तयारी ठेव. शाफ्ट सोडण्याआधी फ्लँजवर (शाफ्टच्या जोडाच्या चकत्यांवर) छिन्नीने खूण करा, म्हणजे परत तसाच बसेल. आणि त्याच्याही आधी चाकांना दगड लावा. शाफ्ट सुटला की गिअरमध्ये ठेवलेली गाडी गिअरवर थांबत नाही, आणि ज्या गाड्यांचा हँडब्रेक गिअरबॉक्सच्या मागे असतो त्या हँडब्रेकवरही थांबत नाहीत.