वाचकांचे प्रश्न : दुर्बिणीसाठी सौर फिल्टर घरी करता येईल का?

प्रश्न : माझ्याकडे ११४ मिलिमीटर व्यासाची परावर्तक दुर्बीण आहे. सौरडाग पाहण्यासाठी तिच्या तोंडावर एक्स-रे फिल्मचे दोन थर लावून घरीच फिल्टर करावा, असा विचार आहे. दुर्बिणीसोबत आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) बसणारी एक छोटी काळी काचही मिळाली आहे. यांपैकी काय वापरावे?

उत्तर : दोन्ही वापरू नका. प्रखर उन्हात डोळ्याची बाहुली जेमतेम दोन मिलिमीटर उघडी असते. त्या मानाने आपल्या दुर्बिणीचा आरसा तीन हजारांहून अधिक पट प्रकाश गोळा करतो. एक्स-रे फिल्म, धुरकटवलेली काच किंवा सीडी यांतून सूर्य मंद दिसतो, पण डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण त्यांतून बऱ्याच प्रमाणात आत येऊ शकतात. शिवाय दृश्य मंद झाल्यामुळे बाहुली अधिक उघडते आणि मनुष्य निर्धास्तपणे अधिक वेळ पाहत राहतो. दृष्टिपटलाला वेदना जाणवत नसल्यामुळे इजा होत असताना काहीच कळत नाही. म्हणूनच ‘मी पाहिले, मला काही झाले नाही’ या अनुभवावर विसंबू नये.

आयपीसची काच तर याहून धोकादायक आहे. ती जिथे बसते तिथे आरशाने गोळा केलेली सारी उष्णता एकवटते. काच तापून अचानक तडकली, तर डोळा हटवायलाही वेळ मिळत नाही. ती काच फेकून द्या, कोणाला देऊ नका.

घरी करायची ती फिल्टरची चौकट. प्रकाश अडवणारी फिल्म मात्र दुर्बिणीतून सूर्य पाहण्यासाठीच तयार केलेली असली पाहिजे. अशी फिल्म ए-४ आकाराच्या तावातही मिळते. तिच्यावर प्रकाशघनता ५, म्हणजे ‘ओडी ५’, असे लिहिलेले असावे. ती एक लाख भागांतून केवळ एक भाग प्रकाश आत सोडते. ‘ओडी ३.८’ची फिल्म छायाचित्रणासाठी असते. ती डोळ्यांनी पाहण्यासाठी घेऊ नये.

चौकटीसाठी दुर्बिणीच्या नळीभोवती पाच-सहा सेंटिमीटर रुंद जाड कागदाची पट्टी गोंद लावत अनेक फेरे गुंडाळा, म्हणजे टोपणासारखे कडे तयार होईल. पुठ्ठ्याची दोन सपाट वलये कापा. त्यांचे आतले भोक आरशाच्या व्यासाएवढे असावे. टेबलावर मऊ कागद पसरून त्यावर फिल्म सपाट ठेवा, एका वलयाला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावा आणि ते वलय वरून अलगद फिल्मवर टेकवा. फिल्म ओढून वलयावर ताणण्याचा मोह टाळावा, कारण ताणलेली फिल्म प्रतिमा बिघडवते. थोड्या सुरकुत्यांनी फारसे बिघडत नाही. दुसरे वलय फिल्मच्या दुसऱ्या बाजूला चिकटवून ही जोडी कड्यावर पक्की बसवा.

मला सर्वाधिक काळजी वाटते ती कड्याच्या पकडीची. उत्तम फिल्म लावलेले सैल टोपण वाऱ्याच्या एका झुळकीने उडाले, तर फिल्मच्या दर्जाला काही अर्थ उरत नाही. म्हणून कडे घट्ट बसावे, गरजेप्रमाणे आतून फेल्टची पट्टी लावावी, आणि तरीही ते नळीला तीन बाजूंनी टेपने चिकटवावे. दर वेळी वापरण्यापूर्वी फिल्म तेजस्वी दिव्यासमोर धरून पाहा. बारीक भोक, चरा किंवा भेग दिसली, तर ती बदला. दुर्बिणीवरची छोटी शोधक दुर्बीण काढून ठेवा, कारण तिच्यावर फिल्टर नसतो आणि मुले नेमकी तिच्यातच डोकावतात. सूर्य शोधण्यासाठी नळीची जमिनीवर पडणारी सावली सर्वांत लहान होईल, अशी दुर्बीण वळवावी.

प्रश्न : अशा फिल्टरमधून सूर्यावरच्या ज्वाला दिसतात का?

उत्तर : नाही. त्यांच्यासाठी ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिशय अरुंद पट्टाच आत सोडणारे वेगळे उपकरण लागते. आपल्या फिल्टरमधून दिसतात ते सौरडाग : मध्ये काळसर गाभा आणि भोवती करडी किनार. पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस असते; डागाचा गाभा त्याहून दीड-दोन हजार अंशांनी थंड असल्यामुळेच तो काळा भासतो. सूर्यबिंब कडेला मध्यापेक्षा मंद दिसते, हेही लक्ष देऊन पाहावे. २५ मिलिमीटर नाभीय अंतराच्या आयपीसने सुरुवात केली, तर अर्ध्या अंशाचे पूर्ण बिंब सहज दृष्टिक्षेत्रात मावते. जमीन तापण्यापूर्वी, सकाळी, हवा स्थिर असते. रोज त्याच वेळी डागांचे रेखाटन केल्यास सूर्य स्वतःभोवती फिरताना डाग कडेकडे सरकत जातात, हे चार-पाच दिवसांतच आपल्याला दिसू लागेल.