शाळेनेच टॅब दिलाय, मग घरी ‘ठेव तो’ कसं म्हणायचं?

“मॅडम, शाळेनेच टॅब हातात दिलाय. आता आम्ही ‘ठेव तो’ कुठल्या तोंडाने म्हणायचं?” हा प्रश्न घेऊन येणाऱ्या पालकांची संख्या गेल्या काही वर्षांत फारच वाढली आहे. त्यातल्या एका कुटुंबाविषयी लिहिते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगी आठवीत. गृहपाठ, प्रकल्प, चाचण्या, सूचना सगळं टॅबवर. त्यावरून घरात दोन पक्ष पडलेले. आईचं म्हणणं, हिचं अक्षर बिघडलं, पुस्तक हातात धरत नाही, आणि रात्री अकराला विचारलं तरी उत्तर एकच, ‘प्रोजेक्ट करतेय.’ बाबांचं म्हणणं, पुढचं सगळं जग यावरच चालणार आहे, आत्ता अडवलं तर पोर मागे पडेल. दोघंही माझ्याकडे निकाल ऐकायला आल्यासारखे बघत होते. मुलगी टॅब पोटाशी धरून गप्प.

निकाल देणं माझं काम नाही. शिवाय ती टॅबवर नेमकं काय करते, हे त्या दोघांपैकी कोणीच शेजारी बसून पाहिलेलं नव्हतं. त्यांना बाहेर बसवलं आणि तिला म्हटलं, “आजचा जो गृहपाठ असेल तो इथेच कर. मी नुसती बघते.”

‘ज्वालामुखीचा उद्रेक का होतो?’ एवढाच विषय. तिने प्रश्न टाइप केला, वर आलेला पहिला परिच्छेद उचलला, एआयच्या अ‍ॅपमध्ये चिकटवला आणि लिहिलं, ‘सोपं करून दहा ओळींत दे.’ हे होईतो दोन मिनिटंही गेली नसतील. मग खरा प्रकल्प सुरू झाला. लाव्हाचं चित्र निवडणं, अक्षरांचा आकार, मागचा रंग, तो नको म्हणून दुसरा. मध्येच वरून वर्गाच्या ग्रुपचे मेसेज टपकत होते. ती बोटाने बाजूला सारायची, पण थोड्या वेळाने एखादा उघडायचीच. शेवटी म्हणाली, “झालं.”

मी टॅब पालथा ठेवला. “मला सांग, मॅग्मा वर का येतो?”

ती हसली. “ते लिहिलंय ना त्यात.”

“बरं, हे लिहिलंय कोणी?”

“गुगलने.”

मुलगी हुशार आहे, आळशी तर मुळीच नाही. त्या पानावर तिने मन लावून मेहनत केली होती. पण विचार करायचा भाग तेवढा यंत्राने केला आणि सजावट तिच्या वाट्याला आली. आई तास मोजत होती, बाबा बोटांचा वेग पाहून खूश होते. या गोष्टीकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

बाबांशी मी जरा सविस्तर बोलले, कारण ‘मागे पडेल’ ही धास्ती खोटी नाही. फक्त कशात मागे पडेल, ते नीट पाहायला हवं. चॅटजीपीटी लोकांसमोर आलं नोव्हेंबर २०२२ मध्ये. तेव्हा ही मुलगी प्राथमिक शाळेत होती आणि तिच्या कुठल्याही धड्यात त्याचा उल्लेख नव्हता. ती नोकरीला लागेल तेव्हा आजची किती अ‍ॅप्स उरलेली असतील? अ‍ॅप चालवायला मुलं चार दिवसांत शिकतात. समोर आलेलं खरं आहे का, हे तपासायला मात्र कोणी बसून शिकवलं तरच येतं. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये अमेरिकेतल्या हायस्कूलच्या ३,४४६ विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. निवडणुकीत गैरप्रकार झाल्याचा दावा करणारा एक व्हिडिओ त्यांना दाखवला होता. तो होता रशियातला. निम्म्याहून जास्त मुलांनी तो अमेरिकेतल्या गैरप्रकाराचा भक्कम पुरावा मानला. इंटरनेट समोर उघडं होतं, तरी व्हिडिओचं मूळ शोधून काढणारी मुलं निघाली फक्त तीन.

आईला वाटत होतं तसा टॅब हाच शत्रू आहे, असंही आकडे म्हणत नाहीत. १५ वर्षांच्या मुलांच्या पिसा २०२२ या आंतरराष्ट्रीय चाचणीत, शाळेत अभ्यासासाठी रोज तासाभरापर्यंत उपकरण वापरणारी मुलं अजिबात न वापरणाऱ्यांपेक्षा गणितात १४ गुणांनी पुढे होती. त्याच पाहणीत सुमारे ६५ टक्के मुलांनी सांगितलं, की गणिताच्या निदान काही तासांना तरी उपकरणामुळे आपलं लक्ष उडतं. म्हणजे दोघांच्याही बाजूला थोडं थोडं सत्य आहे.

मग आम्ही क्रम उलटा केला. आधी वहीत, हाताने, विषयाबद्दल जे ठाऊक आहे ते लिहायचं, चूक असलं तरी चालेल. नंतर शोध. एखादी साइट सापडली की तीच वाचत बसायचं नाही, ब्राउझरमध्ये दुसरं पान उघडून तिच्याबद्दल बाकीचे काय म्हणतात ते पाहायचं. व्यावसायिक फॅक्टचेकर असंच करतात, हे ऐकून तिला मजा वाटली. एआय सगळ्यात शेवटी, आणि तोही परीक्षक म्हणून, ‘मी लिहिलेलं वाच आणि मला पाच प्रश्न विचार.’ अभ्यासाच्या वेळी ग्रुपचे मेसेज बंद. रात्री टॅब बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. शेजारी आई-बाबांचे फोनसुद्धा! या अटीवर सर्वांत जास्त कुरकुर केली ती बाबांनी.

पुढच्या भेटीत तिने मला ज्वालामुखी न बघता समजावला. मॅग्मा आजूबाजूच्या खडकापेक्षा हलका असतो म्हणून वर सरकतो. वर येताना दाब कमी होतो आणि त्यात विरघळलेले वायू सुटतात, हलवलेल्या सोड्याच्या बाटलीचं झाकण काढल्यावर सुटतात तसे. बाटली तिची स्वतःची होती, कुठल्या पानावरची नव्हे.

शाळेशीही बोलावं लागलं. वर्गशिक्षिकांना पालक तक्रार घेऊन येणार असं वाटलं असावं, सुरुवातीला त्या जरा सावध होत्या. आईने एवढंच विचारलं, की प्रकल्पाला गुण कशाचे मिळतात? मांडणीचे बरेच होते, समजावून सांगण्याचे नव्हतेच. मुलांनी इतके दिवस रंग बदलण्यात वेळ घालवला तो काही उगीच नाही. आता बाई प्रत्येक प्रकल्पावर दोन मिनिटं तोंडी विचारतात. मोठ्या वर्गात त्याला वेळ फार जातो, ही त्यांची अडचणही खरी आहे, त्यामुळे किती दिवस टिकेल सांगता येत नाही.

अक्षराचा प्रश्न तसाच आहे. परीक्षा कागदावर असेल तर लिहिण्याचा सराव हवाच, त्यापलीकडे त्यावरून घरात रोज वाद नको, असं मी आईला सांगितलं. तिला ते फारसं पटलेलं नाही. सध्याची नवी कुरबुर आहे गणिताच्या एका अ‍ॅपची. फोटो काढला की उदाहरण पायऱ्यांसकट सोडवून मिळतं. मुलीचं म्हणणं, अडलं तरच बघते. पुढच्या भेटीला तिला वही आणि टॅब दोन्ही घेऊन बोलावलंय, नेमकं कुठल्या पायरीला अडतं ते पाहायला.