चिलीतली 'याका': फणस, चिचुंद्री की आणखी काही?

प्रश्न असा आला आहे: चिलीवरच्या एका स्पॅनिश लेखात 'याका' रात्री झुडपांतून पळते असं लिहिलंय, पण कोशात 'याका' म्हणजे फणस. मग हा प्राणी कोणता, तो कुठे असतो आणि मराठीत त्याला चिचुंद्री म्हणावं का?

कोश बरोबर आहे आणि लेखही. हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत. फळाचं नाव आपल्या मलबारातून गेलं: मल्याळम 'चक्का', त्यावरून पोर्तुगीज 'जाका' आणि मग स्पॅनिश 'याका'. प्राण्याचं नाव मात्र चिलीतल्या मूळ रहिवासी मापुचे लोकांच्या भाषेतलं. ते कुणी 'वाय'ने लिहितं, कुणी दोन 'एल' लावून. चिलीत दोन्हींचा उच्चार सारखाच होतो, तेव्हा देवनागरीत 'ल्लाका' लिहू नका.

प्राणी म्हणजे थायलॅमिस एलेगन्स (हे शास्त्रीय नाव), एक चिमुकला ऑपॉसम, म्हणजे अमेरिकेतल्या पिशवीवाल्या प्राण्यांच्या गटातला. चण उंदराची, कान मोठे नि पातळ, डोळ्यांभोवती काळी वर्तुळं. पक्की खूण शेपटीत आहे. खाणं मुबलक असलं की तिथे चरबी साठते आणि शेपूट बुंध्याशी गाजरासारखी फुगते. ऑपॉसम म्हटलं की पोटाची पिशवी आठवते, पण याकाच्या मादीला ती नसते. 1839 साली इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ वॉटरहाउसने या जातीचं वर्णन केलं. त्यासोबत डार्विनचं निरीक्षण आहे: चिलीतल्या वाल्पाराइसो शहराजवळच्या खडकाळ टेकड्यांवरच्या झुडपांत हे प्राणी विपुल आहेत, चीज किंवा मांस लावलेल्या सापळ्यात सहज सापडतात, आणि पोटात भुंगेऱ्यांच्या अळ्या मिळाल्या. चीजच्या सापळ्यामुळे उंदीर वाटेल, पण अळ्या खरा आहार सांगतात.

याका फक्त चिलीत, आँडीजच्या पश्चिमेला राहते; मुख्यतः देशाच्या मध्यभागातल्या कोरड्या झुडपी रानांत. तुमच्या लेखात दक्षिणेकडची ओली जंगलं किंवा चिलोए बेट असेल, तर तो बहुधा 'मोनितो देल मोंते' हा वेगळाच छोटा प्राणी. नावाचा अर्थ 'रानातलं छोटं माकड', पण तो माकडही नाही आणि खरा ऑपॉसमही नाही. त्याचं जवळचं नातं ऑस्ट्रेलियातल्या कांगारूंच्या गणगोताशी आहे. त्याची शेपूट जाड आणि केसाळ असते.

चिचुंद्री मात्र नकोच. ती पूर्ण वेगळ्या कुळातली, आणि वाचकाला लगेच लांब सोंड नि उग्र वास आठवेल. पहिल्या उल्लेखात 'याका हा छोटा ऑपॉसम' लिहा, पुढे नुसतं 'याका'. स्पॅनिशमध्ये शब्द स्त्रीलिंगी आहे, मराठीतही 'ती याका' सहज चालेल.