नेटिव झाड म्हणजे देशी, स्थानिक की गावठी?

प्रश्न असा आलाय की सोसायटीच्या बागेतल्या झाडांना पाट्या लावायच्यात आणि त्यावर 'नेटिव'साठी मराठी शब्द हवाय, कुणी 'देशी' सुचवलं, कुणी 'स्थानिक', तर एका काकांनी 'गावठी' म्हटल्यावर बाकीचे हसले. मला विचाराल तर काकांचा शब्द अगदीच टाकाऊ नव्हता, गावठी गुलाब आपण म्हणतोच की. पण गावठी कट्टा, गावठी दारू यांच्यामुळे त्या शब्दाला जरा हिणकस वास चिकटलाय. तेच 'गावरान' म्हटलं की तूप असो वा अंडी, माणूस चार पैसे जास्त देतो!

'देशी'ची अडचण वेगळी. एक तर कोकणातला माणूस घाट चढून वर आला की 'देशावर गेला' म्हणतो, म्हणजे आपल्याकडे देश हा शब्द भारतापेक्षा लहान मुलखालाही लागतो. आणि भारत एवढाच अर्थ धरला तरी झाडांच्या बाबतीत तो फसतो, कारण देवदार भारतातलाच पण हिमालयातला, पुण्यातल्या सोसायटीत तो देशी असूनही पाहुणाच. 'स्थानिक' तर मला झाडासाठी फार पातळ वाटतो, आज जो इथे आहे तो स्थानिक, परवा राहायला आला असला तरी.

आता चिंचेचं बघा, कारण हे झाड मला या सगळ्या चर्चेत सगळ्यात आवडतं. अरबांनी तिला 'तमर हिंदी' म्हटलं, म्हणजे हिंदुस्थानातला खजूर, त्यावरून इंग्रजी टॅमरिंड झालं आणि १७५३ साली वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने शास्त्रीय नाव दिलं तेही टॅमरिंडस इंडिका. एवढं दोन-दोनदा हिंद नावात असूनही चिंच मूळची आफ्रिकेतली आहे! आपल्याकडे ती इतकी जुनी की चिंचवड, चिंचपोकळी, चिंचोली अशी गावंच तिच्या नावाने वसली. मग मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची ती गोड-तुरट आकडेवाली शेंग आली, तिला लोकांनी 'विलायती चिंच' म्हटलं, म्हणजे आधी आलेली घरची झाली आणि नंतरची परकी. यात 'विलायत' हा शब्दही बाहेरचाच, अरबीत त्याचा अर्थ प्रांत, सुभा असा. अशा झाडासाठी मराठीत एक फार नेमकं क्रियापद आहे, रुळणं. चिंच इथली नाही, पण रुळलीय. रानमोडी या तणाला मात्र रुळलेली म्हणवत नाही, तीही अमेरिकेकडूनच आली पण नावच सांगतं ती काय करते ते, रान मोडते.

मुळात इंग्रजी नेटिव हा शब्द लॅटिनमधल्या जन्म या अर्थाच्या शब्दावरून आलाय, जिथे जन्मला तिथला. आपण तसं मोजत नाही. लालबागेत जन्मलेल्या, तिथेच वाढलेल्या मुलीला विचारा 'मूळची कुठली गं तू', ती पटकन 'मालवण' म्हणेल, भले वर्षातून एकदा गणपतीला जात असेल. आपण जन्म नाही, मूळ विचारतो. गंमत म्हणजे इंग्रजांच्या काळात पलटणीच्या नावात 'बॉम्बे नेटिव इन्फन्ट्री' असा लागणारा आणि आपल्याला खाली दाखवणारा तोच शब्द आता मुंबईत 'तुमचं नेटिव कुठलं' असा आपुलकीने विचारला जातो.

माणसांच्या बाबतीत मात्र कृपा करून 'स्थानिक' म्हणून काम भागवू नका, म्हणजे जिथे इंडिजिनस, त्या भूमीचे मूळचे लोक, हा अर्थ आहे तिथे. डोंगरात रिसॉर्ट काढलेला मालकही आज स्थानिकच असतो. तिथे 'आदिवासी' हाच शब्द, कारण तो त्या लोकांनी स्वतःसाठी मागितलेला आहे, संविधान सभेत आदिवासी नेते जयपालसिंह मुंडांनी त्याचाच आग्रह धरला होता, संविधानात मात्र 'अनुसूचित जमाती' आलं. ९ ऑगस्टला आपल्याकडे पाड्यापाड्यांवर आदिवासी दिन साजरा होतो तो याच नावाने.

आणि 'एंडेमिक'शी, म्हणजे फक्त एकाच प्रदेशात आढळणाऱ्याशी, घोळ करू नका, त्याला 'प्रदेशनिष्ठ' हा चांगला शब्द रुजलाय. साताऱ्याकडच्या पठारांवर फुलणारा वायतुरा प्रदेशनिष्ठ, तो जगात दुसरीकडे आढळतच नाही. बहावा, पळस, ताम्हण हे इथले आहेतच पण बाहेरही आहेत.

तर पाटीवर एका शब्दात अडकू नका, अर्धी ओळ जास्त लागू द्या. बहाव्याखाली 'मूळचा इथला' लिहा. गुलमोहराखाली 'मूळचा मादागास्करचा'. चिंचेखाली 'मूळची आफ्रिकेतली, इथे रुळलेली', आणि ही पाटी जरा मोठ्या अक्षरात लावा, पोरं थांबून वाचतील.