सीमेक प्रकल्पात डॉक्सिजन: प्रत्येक बिल्डला दस्तऐवज बनवावेत का?

नाही, मुळीच नको. (सीमेक हे प्रकल्पाचा बिल्ड ठरवणारं साधन, तर डॉक्सिजन कोडमधल्या टिप्पण्यांवरून दस्तऐवज बनवणारं.) दर बिल्डला चालवायला लावणारा 'ऑल' हा पर्याय न देता दस्तऐवजांसाठी स्वतंत्र टार्गेट (हवं तेव्हा वेगळं चालवता येणारं बिल्डचं काम) ठेवा. नाहीतर एक ओळ बदलली तरी सगळ्यांना डॉक्सिजनचं काम संपेपर्यंत थांबावं लागेल, आणि ज्यांच्याकडे ते इन्स्टॉल नाही त्यांचा बिल्डच अडेल. म्हणून 'फाइंड_पॅकेज' या शोधण्याच्या कमांडमध्ये डॉक्सिजनला 'रिक्वायर्ड' (म्हणजे सक्तीचं) लावू नका. सापडलं तरच टार्गेट तयार करा.

सीमेक ३.९ पासून 'डॉक्सिजन_अ‍ॅड_डॉक्स' ही फंक्शन आहे, त्यामुळे डॉक्सिफाइलचा, म्हणजे डॉक्सिजनच्या सेटिंग्जच्या फाइलचा, साचा हाताने भरायची गरज उरत नाही. सेटिंग्ज 'डॉक्सिजन_' हा उपसर्ग लावून व्हेरिएबलमध्ये ठेवायची, पण फंक्शनच्या आधी. नंतर लिहिलेली सेटिंग निमूटपणे दुर्लक्षित होते, आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. आउटपुट आपोआप बिल्ड फोल्डरमध्ये जातं. ते तिथेच राहू द्या, सोर्समध्ये आणून गिटमध्ये घालू नका.

हे टार्गेट दर वेळी नव्याने चालतं. ते टाळायला ३.१६ पासून 'यूज_स्टॅम्प_फाइल' आहे, मात्र मग फोल्डर देऊन चालत नाही, एकेक फाइल नावानिशी द्यावी लागते.

सीआयमध्ये (कोड आपोआप बिल्ड करून तपासणाऱ्या व्यवस्थेत) डॉक्सिजनच्या 'वॉर्न_अ‍ॅज_एरर' या सेटिंगला 'फेल_ऑन_वॉर्निंग्ज' द्या. 'येस' दिलंत तर पहिल्याच इशाऱ्यावर काम थांबतं आणि बाकीच्या चुका दिसतच नाहीत. टिप्पणी नसलेलंही सगळं दस्तऐवजात घेणारं 'एक्स्ट्रॅक्ट_ऑल' मात्र बंद हवं. ते चालू असेल तर टिप्पणी नसलेल्या फंक्शनबद्दलचे इशारेच येत नाहीत.