कॉलेजच्या शॉर्टफिल्मसाठी फँटसी सिनेमातलं ‘परक्यां’चं चित्रण कसं तपासू?

अख्खा सिनेमा नको, एकच प्रसंग घ्या. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मालिकेतल्या ‘द टू टॉवर्स’ (२००२) मध्ये नायकांच्या बाजूचा सरदार फारामिर याची माणसं हाराद्रिम या शत्रूच्या सैन्यावर छापा घालतात तो बघा. बहुतेक हाराद्रिमांचे चेहरे फडक्यात गुंडाळलेले, तोंडी संवाद नाही. आवाज बंद करून पाहा आणि क्लोजअप कुणाला मिळतो, नुसतं गर्दीत कोण मरतं, हे शॉटवार लिहून काढा. गंमत म्हणजे विस्तारित आवृत्तीत फारामिर मेलेल्या सैनिकाकडे बघून ‘याचं नाव काय असेल, हा कुठून आला असेल’ असं म्हणतो. थिएटरमधल्या आवृत्तीत ते नाही. म्हणजे शत्रूचं माणूसपण एडिटिंगमध्ये गेलं! तुमच्या फिल्ममध्ये राक्षस असेल तर त्यालाही एखादं वाक्य द्या. मुखवटा स्वस्त पडतो, मान्य, पण वाक्य तर फुकटच असतं.