एजंटला बोलावण्याआधी: काय सांगायचं आणि काय स्वतःजवळ ठेवायचं

तुम्ही विचारलंय की राहतं घर विकून जरा मोठं घर घ्यायचंय, दोन्ही व्यवहार एकाच एजंटमार्फत करायचेत, तर त्याला बोलावण्याआधी काय तयारी करावी. मी दोन्ही केलंय. त्यातला पहिला व्यवहार, वडिलांचं घर विकण्याचा, अजून टोचतो, म्हणून सविस्तर लिहितो.

त्या वेळी एजंट घर बघायला आला आणि पहिल्या दहा मिनिटांत मी त्याच्यापुढे मन मोकळं केलं. नव्या घराचे हप्ते सुरू झालेत, तीन महिन्यांत रक्कम हवी, अमुक आकड्यापर्यंत आम्ही खाली येऊ, सगळं. स्वयंपाकघराच्या भिंतीतली ओल मात्र सांगितली नाही. आदल्याच आठवड्यात तिच्यावर रंग मारून घेतला होता. तिसरी पार्टी आली ती माझ्या शेवटच्या आकड्याच्याही खालून बोलायला लागली. ‘तुम्हाला घाई आहे असं कळलं,’ म्हणाले. टोकन झाल्यावर त्यांचा माणूस भिंतींवर हात फिरवत गेला, ओल सापडली आणि किंमत पुन्हा पाडून मागितली. तेव्हा नाही म्हणायला माझ्याकडे वेळही नव्हता आणि तोंडही. जे सांगायला हवं ते लपवलं होतं आणि जे लपवायला हवं ते सांगून बसलो होतो.

एजंट वाईट होता असं मला वाटत नाही. त्याचा हिशेब समजून घ्या. दलाली 2 टक्के असेल तर वाढवून मिळालेल्या किमतीतले 98 टक्के तुमचे, 2 त्याचे. पण ती वाढ मिळेपर्यंतचे जादा फोन आणि जादा फेऱ्या बहुतेक त्याच्याच. म्हणून ‘आलीये ती ऑफर घ्या’ हा सल्ला त्याच्या तोंडी सहज येतो. अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हर्सन यांनी 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शिकागो परिसरातले सुमारे 1 लाख व्यवहार तपासले. एजंट स्वतःचं घर विकतात तेव्हा ते साधारण साडेनऊ दिवस जास्त बाजारात ठेवतात आणि त्याला 3.7 टक्क्यांच्या आसपास जास्त किंमत मिळते, असं त्यांना दिसलं. थांबण्याची किंमत एजंटला नेमकी ठाऊक असते, एवढं त्यातून मी घेतलं.

म्हणून आधी घरात बसून दोन गोष्टी ठरवा: कमीत कमी किती आणि उशिरात उशिरा कधी. दुसऱ्या वेळी मी आणि बायकोने हे वहीत लिहिलं आणि एजंटला फक्त मागणीची किंमत सांगितली. त्याने दोनदा विचारलं, ‘शेवटचं किती?’ आम्ही दोन्ही वेळा म्हटलं, ऑफर लेखी आणा, मग बोलू. तो आकडाही एजंटच्या अंदाजावरून काढू नका. आसपासची तुमच्यासारखी घरं नुकतीच किती किमतीला *विकली गेली* ते शोधा. जाहिरातीतली किंमत म्हणजे कुणाची तरी इच्छा असते, आणि ती अनुभवी माणसालाही ओढते. 1987 साली नॉर्थक्राफ्ट आणि नील या संशोधकांनी अमेरिकेतल्या टूसॉन शहरात एजंटांना एकच घर दाखवलं, फक्त कागदावरची मागणीची किंमत वेगवेगळी ठेवली. ज्यांना जास्त आकडा दाखवला त्यांनी घराचं मोलही जास्त सांगितलं, आणि त्या आकड्याचा आपल्यावर परिणाम झाला हे बहुतेकांनी मान्य केलं नाही.

आता जे पूर्ण उघडं करायचं ते. घरातले दोष, कर्जाचा बोजा, भाडेकरू असेल तर त्याचा करार, शेजाऱ्याशी वाद असेल तर तो, आणि मालकीत ज्यांची ज्यांची नावं आहेत त्यांची संमती. वारसाहक्काचं घर असेल तर हे शेवटचं सगळ्यात आधी. भावंडांपैकी एकाने सही अडवली की ठरलेला व्यवहार मोडतो, आणि घेतलेला इसार परत करण्यावरून भांडण लागतं ते वेगळंच. दुसऱ्या वेळच्या एजंटला मी गच्चीची गळती स्वतःहून दाखवली. तो म्हणाला, ‘दुरुस्तीचा खर्च लेखी मागवून घ्या, मी पहिल्याच भेटीत ग्राहकाला दाखवतो.’ त्याने तसं केलं, आणि त्या गळतीवरून पुढे कुणी एक शब्द काढला नाही. चांगला एजंट दलालीचे पैसे कमावतो ते इथे.

त्याच्याशी करार लेखीच करा. दलाली किती आणि कधी देय, काम फक्त त्याच्याकडे की इतरांकडेही, मुदत किती, मुदतीनंतर त्याच्याच ओळखीचा ग्राहक आला तर काय. एकट्याला काम द्यायला माझा विरोध नाही, उलट तो जास्त मन लावतो. फक्त मुदत लांबवू नका.

दोन्ही व्यवहार एकाच एजंटकडे देताना त्याला थेट विचारा: समोरच्याकडूनही दलाली घेणार का? ‘हो’ असेल तर घासाघीस स्वतः करा आणि कागद तपासायला वकील तुमचा घ्या, त्याने सुचवलेला नको.

खरेदीची तयारी त्यामानाने सोपी. बँकेकडून कर्जाची पूर्वमंजुरी आधी घ्या, पण ती रक्कम एजंटला पूर्ण सांगू नका, नाहीतर त्याच रकमेची घरं दाखवली जातील. आवडलेलं घर दोनदा बघा, एकदा दिवसा, एकदा रात्री, आणि जमलं तर जोराचा पाऊस होऊन गेल्यावर. सगळे नळ एकदम सोडा. हे घर किती दिवस विकायला आहे आणि आधीचं बोलणं कशावर फिस्कटलं, हे विचारा.

राहिला क्रम. तुमच्या जागी मी असतो तर आधी विकलं असतं, आणि करारातच ताब्याची तारीख दोन-तीन महिने पुढची घालून घेतली असती. ग्राहकाला घाई नसेल तर तो बहुतेक वेळा तयार होतो, आणि तेवढ्या काळात तुम्हाला घर निवांत शोधता येतं.